सुरी, उपास आणि साखर

सप्टेंबर १९९५ मध्ये 'ॲनल्स ऑफ सर्जरी' या अमेरिकी नियतकालिकात एक शोधनिबंध आला. सर्जन मंडळींचं लिखाण बहुधा कोरडं असतं. शीर्षकात अवयवाचं नाव, ऑपरेशनचं नाव, संपलं. या निबंधाचं शीर्षक मात्र 'कुणाला वाटलं होतं?' अशा चक्रावलेल्या प्रश्नानं सुरू होत होतं. लेखक होते वॉल्टर पोरीस, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलचे सर्जन. चौदा वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०८ अतिस्थूल रुग्णांवर जठराच्या बायपासचं ऑपरेशन केलं होतं. हेतू एकच, वजन उतरवणं. पण त्या रुग्णांत १४६ जण मधुमेही होते, आणि त्यांतल्या १२१ जणांची साखर ऑपरेशननंतर सामान्य पातळीवर आली आणि तिथेच राहिली.

आकडा मोठा होताच, पण खरी गंमत वेळेची होती. चाळीस-पन्नास किलो वजन उतरायला वर्ष जातं. साखर मात्र बऱ्याचदा काही दिवसांतच उतरत होती, वजनकाटा फारसा हललेला नसताना. वजन गेलं म्हणून मधुमेह गेला, हा सरळ हिशेब इथे जुळेना. मग साखर उतरवली कुणी? आतड्यांची वाट बदलणाऱ्या सुरीनं, की ऑपरेशननंतर सक्तीनं घडणाऱ्या उपासानं? पहिले काही आठवडे पाण्याचे घोट, पातळ सूप, प्रोटीनची पावडर असं सगळं मिळून दिवसाला जेमतेम ५०० ते ८०० कॅलरी पोटात जातात. शरीर साठवलेली चरबी जाळायला घेतं, यकृत त्या चरबीपासून कीटोन बनवतं, आणि रुग्ण मनात नसतानाही कीटोसिसमध्ये जातो.

या दोन्ही उत्तरांना आपापला इतिहास आहे. बराच काळ ते दोन इतिहास शेजारी शेजारी चालले, पण एकमेकांशी बोलले नाहीत.

उपासाचा इतिहास जुना. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाचे वांधे झाले, आणि अपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच वैद्याच्या लक्षात आलं की त्याच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होते आहे. पुढे १९१४ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक ॲलन यांनी या निरीक्षणातून उपचार घडवला. रुग्णाला दाखल करायचं, लघवीतली साखर जाईपर्यंत उपाशी ठेवायचं, मग थोडं थोडं मोजून खायला द्यायचं. ॲलन यांची शिस्त कठोर होती आणि त्यांचा वॉर्ड बघवत नसे. तिथे आलेली काही मुलं साखरेनं मरण्याऐवजी भुकेनं मेली.

कारण ॲलन यांच्या हाती दोन वेगळे आजार एकाच नावानं आले होते. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नव्हतं त्यांना उपासानं फक्त काही महिने उसने मिळाले. अंगानं भरलेल्या प्रौढांना मात्र त्याच उपासानं खरंच बरं वाटे. हा फरक तेव्हा कुणाला नीट सांगता येत नव्हता. त्यातच कीटोनची कुख्याती आधीच पक्की झाली होती. १८७४ मध्ये जर्मन वैद्य ॲडॉल्फ कुसमाउल यांनी मधुमेहाच्या अखेरच्या अवस्थेतल्या खोल, घाईच्या श्वासाचं वर्णन केलं होतं. त्या अवस्थेत रुग्णाच्या तोंडाला ॲसिटोनचा गोडूस वास येतो. कीटोन म्हणजे मृत्यूची चाहूल, असंच डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि ॲलन यांचा उपास अडगळीत गेला. कीटोनला त्यानंतर एकाच दालनात मानानं प्रवेश मिळाला. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी आकडीच्या रुग्णांसाठी कीटोजेनिक आहार सुचवला होता, तो मुलांच्या आकडीसाठी आजही वापरात आहे.

सुरीचा इतिहास त्या मानानं तरुण, आणि त्याची सुरुवात फारशी अभिमानास्पद नाही. १९५२ मध्ये स्वीडनचे व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी एका स्थूल स्त्रीच्या लहान आतड्याचा १०५ सेंटिमीटर तुकडा काढून टाकल्याचं लिहिलं. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात आर्नल्ड क्रेमेन, जॉन लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून लहान आतड्याचा कुठला भाग पोषणाला किती लागतो ते तपासलं, आणि त्यातून आतडं न कापता त्याचा मोठा भाग वाटेतून वगळण्याचं ऑपरेशन निघालं. तर्क साधा होता. अन्न अंगी लागायला आतडं लागतं, आतडं कमी केलं की अन्न अंगी लागणार नाही.

लॉस एंजेलिसचे पेन आणि डीविंड यांनी हा तर्क टोकाला नेला. १९६३ मध्ये त्यांनी दहा रुग्णांची हकीकत छापली. लहान आतड्याचा वरचा भाग त्यांनी थेट मोठ्या आतड्याला जोडला होता. वजन धडाधड उतरलं, पण जुलाब थांबेनात, रक्तातले क्षार घसरले. योजना अशी होती की वजन उतरलं की आतडं पुन्हा होतं तसं जोडून द्यायचं. जोडून दिलं, आणि वजन परत आलं. मग त्यांनी मध्यममार्ग काढला, १४ इंच वरचं आतडं ४ इंच खालच्या आतड्याला जोडायचं. १९७० च्या दशकात ही पद्धत अमेरिकेत हजारो लोकांवर वापरली गेली. त्या लोकांना पुढे मूतखडे झाले, सांधे दुखू लागले, रातांधळेपणा आला आणि काहींचं यकृत निकामी झालं. मूतखड्यांचं कारण तर पाठ्यपुस्तकात शोभावं असं आहे. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम अडकवून ठेवते, त्यामुळे एरवी कॅल्शियमला चिकटून बाहेर पडणारं ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं आणि मूत्रपिंडात जाऊन खड्यांच्या रूपानं बसतं. १९८० च्या सुमारास हे ऑपरेशन बंद पडलं. कुपोषण हाच उपचार मानणाऱ्या पद्धतीचं दुसरं काय होणार होतं?

आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन वेगळ्या स्वभावाचे होते. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढून टाकलेल्या स्त्रियांचं वजन नंतर वाढता वाढत नाही, हे त्यांनी टिपलं. १९६६ मध्ये त्यांनी आणि जपानहून आलेल्या चिकाशी इटो यांनी जठर काढून न टाकता त्याचा फक्त वरचा लहानसा भाग वेगळा करून तो आतड्याला जोडला. उरलेलं जठर आणि आतड्याचा पहिला भाग पोटातच राहिला, अन्न मात्र तिथून जाईना. पहिल्या पद्धतीत पित्त वर येऊन जठराच्या त्या भागाला जाळत असे. १९७७ मध्ये केंटकीचे वॉर्ड ग्रिफेन यांनी आतड्याची जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी केली आणि हा त्रास मिटवला. ती जोडणी स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये सीझर रू या सर्जननं एकोणिसाव्या शतकातच वापरली होती, म्हणून ऑपरेशनला आजही रूचं नाव आहे. आज जठराचा जो कप्पा ठेवतात तो जेमतेम ३० मिलिलिटरचा असतो. मेसन यांना दीर्घायुष्य लाभलं. डिसेंबर २०२० मध्ये शंभरी ओलांडून ते गेले, तोवर त्यांच्या कल्पनेच्या पिढ्यान्‌ पिढ्या झाल्या होत्या.

मेसन आयोवात जठर शिवत होते त्याच वर्षांत अटलांटिकच्या दोन्ही काठांवर माणसं उपाशी झोपवली जात होती, तीही इस्पितळात. स्कॉटलंडच्या डंडीत अँगस बार्बिएरी हा विशीतला तरुण जून १९६५ मध्ये उपासाला बसला. तो ३८२ दिवस जेवला नाही. पाणी, चहा, जीवनसत्त्वं, यीस्ट आणि अधूनमधून क्षार एवढ्यावर तो राहिला. वजन २०७ किलोवरून ८२ किलोवर आलं. त्याच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये ही हकीकत छापली, तेव्हा तो बहुतांशी तसाच सडपातळ होता. सगळे इतके नशीबवान नव्हते. त्या दशकातल्या दीर्घ उपासांत हृदय बंद पडून काही रुग्ण दगावले.

या वॉर्डांतून निघालेलं सर्वांत मोठं ज्ञान मात्र वजनाबद्दल नव्हतं. बॉस्टनच्या जॉर्ज केहिल यांना एक कोडं सतावत होतं. मेंदूला दिवसाला शंभरएक ग्रॅम ग्लुकोज लागतं, आणि यकृतातला साठा एका दिवसात संपतो. मग उपाशी माणसाचा मेंदू चालतो कशावर? ग्लुकोज स्नायू मोडून बनवायचं झालं तर माणूस दोन-तीन आठवड्यांत संपेल, पण धडधाकट माणूस उपाशी दोन महिने तग धरतो. १९६७ मध्ये केहिल, ऑलिव्हर ओवेन आणि सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या तीन स्थूल रुग्णांच्या मेंदूकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या रक्ताची तुलना केली. मेंदू आपल्या इंधनाचा बराचसा हिस्सा कीटोनमधून घेत होता. ॲसिटोनचा वास म्हणजे मृत्यूची चाहूल मानणाऱ्यांना हा धक्काच होता. इन्सुलिन अजिबात नसताना कीटोन बेफाम वाढतात आणि मारतात. इन्सुलिन थोडं का होईना असलं की तेच कीटोन आवाक्यात राहतात आणि तगवतात.

महाराष्ट्रात उपासाची वाण नाही, पण 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या समाजाला साबुदाण्याच्या खिचडीनं कीटोसिस होत नाही हे वेगळं सांगायला नको. केहिल यांनी मोजलं ते शरीर पाहायचं तर पर्युषणाच्या सुमारास पुण्या-मुंबईच्या जैन घरांत महिनाभर फक्त उकळलेल्या पाण्यावर मासखमण करणाऱ्यांकडे पाहावं.

उपास आणि सुरी यांची पहिली गाठ पडली बॉस्टनच्या जॉर्ज ब्लॅकबर्न यांच्याकडे. ते स्वतः सर्जन. १९७० च्या दशकात त्यांनी असा आहार बसवला की ज्यात जवळपास फक्त प्रथिनं, कर्बोदकं नावालाही नाहीत. चरबी जळावी, कीटोन बनावेत आणि स्नायू मात्र शाबूत राहावेत. डॉक्टरांच्या देखरेखीत तो चालला. बाजारात त्याची भ्रष्ट नक्कल निघाली, जनावरांच्या कातडी-कुर्च्यांपासून काढलेल्या हलक्या प्रथिनांचं बाटलीबंद पेय. १९७७-७८ मध्ये अमेरिकेत या पेयावर राहणारी सुमारे ६० माणसं मेली. कीटो आहाराची आजची दुकानं उघडणाऱ्यांनी हे प्रकरण भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

या पार्श्वभूमीवर पोरीस यांचा निबंध आला. त्यांचं निरीक्षण अगदीच पहिलं नव्हतं; अल्सरसाठी जठर कापल्यावर मधुमेह निवळलेल्या तीन रुग्णांची नोंद १९५५ मध्येच छापली गेली होती आणि कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. पोरीस यांच्याकडेही मधुमेहतज्ज्ञांनी काही काळ काणाडोळाच केला. साखर हे औषधांचं राज्य होतं, सर्जननं तिथे पाय ठेवावा हे पटणारं नव्हतं. पण सर्जनांना आता नवी दिशा मिळाली. १९९९ मध्ये वृद्ध मेसन यांनीच लिहिलं की आतड्याच्या शेवटच्या भागातून स्रवणारं जीएलपी-१ हे संप्रेरक या सगळ्याच्या मुळाशी असावं. बायपासनंतर अन्न त्या भागात लवकर पोचतं आणि जेवणानंतरचं जीएलपी-१ अनेक पटींनी वाढतं. २००४ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये फ्रान्चेस्को रुबिनो आणि जॅक मारेस्को यांनी सडपातळ पण मधुमेही उंदरांच्या आतड्याचा पहिला भाग वाटेतून वगळला, जठराला हातही न लावता. उंदरांची साखर सुधारली, तेवढंच कमी खाऊ घातलेल्या उंदरांची नाही. सुरीचं पारडं जड झालं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या स्थूलतेच्या सर्जनांच्या संघटनेनं आपल्या नावातच 'मेटाबॉलिक', म्हणजे चयापचयाचा, हा शब्द घातला.

पारडं पुन्हा हललं ते डॅलसमध्ये. इल्डिको लिंगवे यांच्या गटानं दहा मधुमेही रुग्णांना दोनदा दाखल करून घेतलं. एकदा ऑपरेशनशिवाय दहा दिवस फक्त ऑपरेशननंतरचा आहार दिला, आणि नंतर खऱ्या बायपासनंतर पुन्हा तोच आहार. २०१३ मध्ये निकाल आला. साखर दोन्ही वेळा उतरली, आणि नुसत्या आहाराच्या वेळी काकणभर जास्तच. त्याआधी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी, साखर उतरवतो तो उपासच, या तर्कानं अकरा मधुमेहींना आठ आठवडे दिवसाला ६०० कॅलरींवर ठेवलं होतं. सातव्या दिवशी उपाशीपोटीची साखर १६६ वरून १०६ वर आली होती आणि यकृतातली चरबी तिसऱ्या हिश्श्यानं घटली होती. सुरीला हात लागला नव्हता. २०२० मध्ये सॅम्युअल क्लाइन यांच्या गटानं अकरा जणांचं वजन आहारानं आणि अकरांचं बायपासनं सारख्याच प्रमाणात, साधारण १८ टक्के, उतरवून तपासलं. दोन्ही गटांतला फायदा जवळपास सारखाच निघाला.

आता एक मजा पाहा. बहुतेक सर्जन ऑपरेशनच्या दोनेक आठवडे आधीपासून रुग्णाला कमी कॅलरींच्या आहारावर ठेवतात. स्थूल माणसाचं चरबीनं फुगलेलं यकृत जठरावर पडदा धरतं, ते आकसलं की दुर्बिणीतून वाट मोकळी होते. म्हणजे रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर येतो तोच कीटोसिसमध्ये.

पहिल्या आठवड्यातला चमत्कार बहुतांशी उपासाचा, हे आज मान्य करायला हरकत नसावी. सुरीचं श्रेय दुसरीकडे आहे. टेलर यांचाच पुढचा मोठा प्रयोग घ्या. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या कुटुंबडॉक्टरांकडे सुमारे तीनशे जणांवर झालेल्या या प्रयोगात आहार घेतलेल्यांपैकी पहिल्या वर्षाअखेर ४६ टक्क्यांचा मधुमेह मागे हटला होता, दुसऱ्या वर्षाअखेर ३६ टक्क्यांचा. भूक परत येते, वजन परत येतं. ऑपरेशननंतर भूकच मंदावते, म्हणून कमी खाणं वर्षानुवर्षं निभावतं. तरी ऑपरेशनचाही परिणाम अमर नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडिश अभ्यासात दोन हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्यांचा माग काढला गेला. त्यांतल्या मधुमेहींपैकी ७२ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांनी निवळलेला होता. दहा वर्षांनी हा आकडा ३६ टक्के होता.

या कथेत पुणं दोन वाटांनी येतं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा भारतीय देह याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांपासून दाखवून दिला होता. मग स्थूलतेच्या ऑपरेशनसाठी पाश्चात्त्यांची तेव्हाची ३५ आणि ४० ची बीएमआय मर्यादा इथे कशी चालावी? पुण्याचे सर्जन डॉ. शशांक शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २२ ते ३५ बीएमआयच्या पंधरा मधुमेहींवरचे बायपासचे निकाल छापले. तीन महिन्यांत सगळ्यांची मधुमेहाची औषधं सुटली. पंधरा माणसं आणि काही महिन्यांची पाहणी एवढ्यावर धोरण ठरत नाही, ते ठरलंही नाही. पण २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी २७.५ ही वेगळी मर्यादा आली, त्यामागे अशाच अनेक निकालांचा भार होता.

कीटोसिसनं अलीकडे आपला जुना चेहरा पुन्हा दाखवला आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर भारतात ती स्वस्त झाली आणि घराघरांत पोचली. ही गोळी चालू ठेवून कुणी बायपासला गेला, त्यात आधीचा आणि नंतरचा उपास मिळाला, की कीटोन आवाक्याबाहेर जाऊ शकतात. रक्तातली साखर मात्र फारशी चढलेली नसते, त्यामुळे ग्लुकोमीटर फसवतो. उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली की डॉक्टरांना आधी टाका उसवल्याची शंका येते. कीटोन तपासायचं सुचेपर्यंत वेळ गेलेला असतो. म्हणून अमेरिकी औषध प्रशासनानं २०२० मध्ये या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायला सांगितलं.

आणि मेसन यांनी बोट दाखवलेलं जीएलपी-१ आता सुईतून मिळतं. २०२५ मध्ये वजनासाठीची ही इंजेक्शनं भारताच्या बाजारात अधिकृतपणे आली. भूक मंदावते, माणूस कमी खातो, साखर उतरते, सगळं बायपाससारखंच, टाक्यांशिवाय. त्यांतल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीतल्या लोकांचा इंजेक्शन थांबल्यावर वर्षभर माग ठेवला, तेव्हा उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आलेला दिसला. आतडं पुन्हा जोडून दिल्यावर पेन आणि डीविंड यांच्या रुग्णांचंही हेच झालं होतं.